रसद वाहणारं मराठ्यांचं गलबत घरी कसं बांधायचं: मापं काढण्यापासून पाण्यात सोडेपर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मराठा आरमारातल्या गलबताचं मूळ ड्रॉइंग शोधत बसू नका. आपल्याकडचे मिस्त्री कागदावर नकाशे काढून जहाजं बांधतच नव्हते, माप डोळ्यात आणि हातात असायचं. आणि जी जहाजं होती त्यातला मोठा ताफा फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळून गेला, इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने हल्ला केला तेव्हा आंग्र्यांचं आरमार तिथे एकमेकांना लागून उभं होतं आणि एकाला लागलेली आग सगळ्यांना लागली. त्यामुळे इंटरनेटवर 'ओरिजिनल प्लॅन' म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं युरोपियन जहाजाला भगवा झेंडा लावून केलेलं असतं. तसलं बघून बांधलंत तर मॉडेल सुंदर होईल पण गलबत होणार नाही.

मग बांधायचं कशावरून? तर माणसांवरून. किती माणसं वल्ही मारणार, किती ओझं चढणार आणि किती पाण्यात ते चालायला पाहिजे, ह्या तीन गोष्टी पक्क्या केल्या की बाकीची बोट जवळजवळ आपोआप ठरते. हे काय हवेतलं नाही, अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालं, त्याचाही काही नकाशा नव्हता, भिंतीवरचं एक चित्र आणि बाकी सगळा हिशोब. आपण तेच बारक्या स्केलवर फ्लॅटमध्ये करणार आहोत.

मी इथे लढाईचं गलबत न घेता रसद आणि माणसं वाहणारं घेतलंय. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं लावून समुद्र अडवला होता, पण समोरच्या, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून हलक्या होड्या रात्री वल्हवत बेटावर सामान पोचवत राहिल्या. बेटावर तट बांधायचा म्हणजे चुना, धान्य, माणसं सगळं पलीकडून आणायचं. तोफांच्या मॉडेल्सचा आपल्याकडे सुकाळ आहे, ही गोण्या वाहणारी बोट मात्र कोणी बांधत नाही.

मापं कुठून आली

ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १८व्या शतकात आंग्र्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतांचं वर्णन लिहून ठेवलंय आणि ते आपल्यासाठी सोन्यासारखं आहे. त्यात गलबताबद्दल असं आहे की ही मोठी वल्ह्यांची बोट, बांधणी गुराबेसारखी पण आकार लहान, मोठ्यात मोठं गलबतसुद्धा ७० टनांच्या पुढे क्वचित. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची हलकी, पुढच्या मोठीवर एकच त्रिकोणी प्रचंड शीड, आणि ते वर चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही खूप वर जातं. बहुतेकांचा डेक वजन कमी राहावं म्हणून फोडलेल्या बांबूचा. ४० ते ५० दणकट वल्ही, आणि वल्हवत तासाला ४ मैल वेग. हलक्या गलबतांवर मोठ्या तोफा नाहीत, फक्त काठावर फिरत्या खुंटीवर बसवलेले जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा. मोठ्यांवर मात्र पक्का डेक आणि ६ ते ८ तोफा.

आता हिशोब करू. ४० वल्ही म्हणजे एका बाजूला २०. वल्हवणाऱ्याला मागे झुकून ताण द्यायला साधारण ३ फूट जागा लागते, म्हणजे पहिल्या वल्ह्यापासून शेवटच्यापर्यंत ५७ फूट झाले. कणा, म्हणजे तळाचं लांब मुख्य लाकूड, ६० फूट धरला तर बरोबर बसतं. रुंदी किती? इंग्रजांची त्या काळची टन काढायची रीत अशी: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, त्याला रुंदीने गुणा, परत अर्ध्या रुंदीने गुणा आणि ९४ ने भागा. १६ फूट रुंदी टाकून बघा, ६० वजा ९.६ म्हणजे ५०.४, गुणिले १६ गुणिले ८, भागिले ९४, उत्तर येतं साडेअडुसष्टच्या आसपास. म्हणजे ७० टनांच्या आत एकदम फिट. वल्ह्यांवरून काढलेली लांबी आणि टनांवरून काढलेली रुंदी एकमेकांना धरून येतात हे बघून मला तरी भारी वाटलं. ज्यांना २५-२५ वल्ही लावायचीत त्यांनी कणा ७५ फूट धरून बघावा, रुंदी १४ वर आणावी लागते आणि बोट सडपातळ होते, माल वाहायला तितकीशी बरी नाही.

कण्याच्या पुढे नाळ, म्हणजे बोटीची पुढची चोच, १२ फूट बाहेर झुकलेली आणि मागे ४ फूट, म्हणजे एकूण ७६ फूट. मधोमध तळापासून काठापर्यंत खोली ८ फूट, त्यातलं भरल्यावर ५ फूट पाण्याखाली. ही शेवटची मापं माझी निवड आहे, तुम्ही थोडी इकडेतिकडे करा, फक्त बोट उथळ पाण्यात चालली पाहिजे हे विसरू नका, नाहीतर ती थळच्या किनाऱ्याला लागणारच नाही.

स्केल

१:२४ घ्या. कारण साधं आहे, आपला सुतार सुतात बोलतो. एक इंच म्हणजे ८ सूत, आणि १:२४ ला अर्धा इंच म्हणजे खरा १ फूट, म्हणजे १ सूत बरोबर खरे ३ इंच. कॅलक्युलेटर लागतच नाही. कणा ३० इंच, रुंदी ८ इंच, खोली ४ इंच, एकूण लांबी ३८ इंच. कपाटावर मावतं. १:१२ चा मोह होतो, मान्य, पण मग सव्वासहा फुटाचं धूड होतं आणि मुंबईच्या घरात ते ठेवायचं कुठे, शिवाय लिफ्टमध्ये जाणार नाही.

ड्रॉइंग स्वतः काढा, अवघड नाहीये. तीन चित्रं: बाजूने, वरून, आणि आडवे छेद. कण्यावर दर ३ इंचाला एक खूण करा, मागून पुढे ० ते १० अशा ११ खुणा होतात. प्रत्येक खुणेवर मधल्या रेषेपासून काठापर्यंतची अर्धी रुंदी अशी ठेवा, सुतात: १६, २२, २७, ३०, ३२, ३२, ३०, २७, २२, १६, ९. म्हणजे मध्ये पोट भरलेलं आणि दोन्हीकडे निमुळतं, ऑर्मने गुराबेबद्दल लिहिलंय तसं. काठाची रेघ बाजूने बघताना मध्ये खाली आणि मागे वर, मागे साडेपाच इंच, मध्ये ४, पुढे साडेचार. छेदाचा आकार मध्ये यू सारखा पण तळाला किंचित व्ही, टोकांकडे जाताना व्ही वाढत जातो. लवचिक प्लास्टिकची पट्टी खुणांवर टेकवून रेघ मारा, रेघ कुठे खड्ड्यात गेली किंवा टेंगूळ आलं तर कागदावरच दुरुस्त करा, लाकडावर ते दहापट त्रासाचं होतं. फोर्टात किंवा तुमच्या स्टेशनजवळ आर्किटेक्ट लोकांचे मोठे प्रिंट काढणारी दुकानं असतात तिथून फुल साइझ दोन-तीन कॉपी काढून घ्या, एक फासळ्या कापायला, एक टेबलावर चिकटवायला.

ड्रॉइंग काढायच्या आधी एक दिवस फिरा. बोरिवली पश्चिमेला एकसरचे वीरगळ आहेत, त्यातल्या काहींवर आरमारी लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांची रांग असलेली जहाजं. मराठ्यांच्या कितीतरी आधीची आहेत ती, त्यामुळे मापं घेऊ नका, पण वल्ही कशी दाट रांगेत येतात आणि माणसं कशी बसतात ते तिथे डोळ्यात भरतं. मग वर्सोवा किंवा मढला जा आणि किनाऱ्यावर ओढलेली लाकडी होडी आतून बघा. आता फायबरच्या बोटी वाढल्यात पण लाकडी अजून दिसतात. फळी फासळीला कशी बसते, नाळेपाशी फळ्या कशा एकत्र येतात, वल्हं खुंटीला दोरीच्या फासाने कसं अडकवतात. कुणी नाखवा मोकळा असेल तर विचारा, पण लिलावाच्या वेळेला नका जाऊ, कोणी बोलणार नाही आणि बरोबरच आहे.

सामान

फासळ्या आणि कण्यासाठी प्लायवूड, फासळ्यांना ४ मिमी, कण्याला ६ मिमी, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारं मागा, साधं कमर्शियल नको. पहिल्या थराच्या फळ्यांना पाईन, ३ मिमी जाड आणि ८ मिमी रुंद पट्ट्या. पॅकिंगच्या खोक्यांचं जुनं पाईन रे रोड-दारूखान्याच्या बाजूला मिळतं, कोरडं असतं आणि स्वस्त, फक्त खिळे काढून घ्या नाहीतर करवतीचे दात जातील. जवळच्या सुताराकडून पट्ट्या चिरून घेतल्या तर एका तासाचं काम. बाहेरच्या थराला सागाचं व्हिनियर. साग का, तर आपल्या किनाऱ्यावरचं जहाजाचं लाकूड म्हणजे सागच. मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींनी सागात बांधलेलं त्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरलं ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. हार्डवेअरवाल्याकडे सागाची बिडिंग पट्टी मिळते, ती काठाला, कण्याच्या बाहेरच्या कडेला आणि नाळेला वापरा.

बाकी: मरीन फेविकॉल, थोडं एपॉक्सी, फेव्हिक्विक फक्त तात्पुरतं पकडायला. पॉलिश पेपर ८०, १२०, २२०. छोटा रंधा, फ्रेट सॉ, हाताचं ड्रिल आणि १ मिमीच्या चार-पाच पिना कारण त्या मोडतातच. क्लॅम्पऐवजी कपड्यांचे चिमटे आणि बाइंडर क्लिपा, जेवढ्या असतील तेवढ्या कमीच. ह्यातलं बरंच नागदेवी आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका फेरीत होतं.

आणि सीझन. फळ्या मारायचं काम पावसाळ्यात करू नका. मुंबईची हवा जून ते सप्टेंबर एवढी दमट असते की लाकूड फुगतं, तेव्हा बसवलेली फळी डिसेंबरात आकसते आणि बरोबर सांध्यात फट पडते. पावसाळ्यात ड्रॉइंग, फासळ्या कापणं, वल्ही, गोण्या, दोरखंड असली कामं करा. दसऱ्यानंतर सांगाडा उभा करा, थंडीत फळ्या.

सांगाडा

कण्याच्या प्लायमध्ये दर ३ इंचाला ४ मिमीची खाच, निम्म्या उंचीपर्यंत, आणि फासळीत उलटी खाच, दोन्ही एकमेकांत बसतात. आधी ग्लू न लावता सगळं कोरडं जोडून बघा. मग एका सरळ जाड पाट्यावर, जुन्या दाराची फळी असेल तर बेस्ट, ड्रॉइंगची कॉपी चिकटवा आणि सांगाडा उलटा म्हणजे कणा वर करून बसवा. फासळ्यांची वरची टोकं आधीच, कण्यापासून सगळ्यांची उंची एकसारखी होईल इतकी, लांब ठेवून कापायची म्हणजे ती पाट्यावर टेकतात आणि नंतर कापून टाकता येतात. प्रत्येक फासळी गुण्याने काटकोनात बघा. एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटून कण्याच्या रेषेत बघा, सगळ्या फासळ्यांचे मध्य एका ओळीत आले पाहिजेत. इथे घाई करणाऱ्याची बोट आयुष्यभर एका बाजूला तिरकी दिसते आणि मग लोक स्टँडखाली पुठ्ठा घालतात.

नाळेपाशी शेवटच्या फासळीच्या पुढे मऊ लाकडाचे दोन ठोकळे दोन्ही बाजूंना चिकटवून आकार द्या, तिथे फळ्यांना टेकायला जागा मिळते. मागे सपाट फळी, ४ इंच रुंद, किंचित मागे झुकलेली.

आता फासळ्यांच्या कडा घासायच्या. टोकांकडच्या फासळ्यांवर फळी तिरकी येते, त्यामुळे कड चौकोनी राहिली तर फळी फक्त एका टोकाला टेकते. एक पाईनची पट्टी चार फासळ्यांवर आडवी धरा आणि पूर्ण जाडीवर टेकेपर्यंत कडा घासत जा. कंटाळवाणं आहे. दोन संध्याकाळी जातात म्हणून अर्ध्यात सोडू नका.

फळ्या

मुख्य काम हेच, म्हणून जरा लांबण लावतो.

मधल्या फासळीवर काठापासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावून मोजा, एका बाजूला साधारण १६० मिमी येईल. ८ मिमीची फळी, म्हणजे २० फळ्या. आता पुढच्या टोकाला मोजा, समजा १०० मिमी आलं, तर त्याच २० फळ्या तिथे ५-५ मिमीच्या व्हायला हव्यात. म्हणजे प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करायची. हे प्रत्येक फासळीवर करा आणि २० भागांच्या खुणा पेन्सिलीने फासळीवरच मारून ठेवा. फळी कधीही निम्म्यापेक्षा बारीक करू नका, ४ मिमीच्या खाली जायला लागली की तिथे दोन फळ्यांची एक करा. उलट मागच्या बाजूला फळ्या पसरतात आणि त्रिकोणी फट राहते, तिथे पाचर घाला. खऱ्या बोटीतही असंच असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

क्रम असा. पहिली फळी काठाची, दोन्ही बाजूंना. मग काठाकडून खाली ४-५ फळ्या. मग बोटीच्या कण्याला लागून पहिली फळी, तिथून वर येत जायचं, आणि शेवटची फळी पोटाच्या वळणावर कुठेतरी बसेल. डावी एक मारली की उजवी एक, हे कटाक्षाने. एका बाजूच्या पाच फळ्या आधी मारल्या की ग्लू वाळताना कणा त्या बाजूला खेचला जातो आणि मग काहीही करता येत नाही.

पाईन वाकवायला गरम पाण्यात अर्धा तास बुडवा, मग नाळेच्या आकाराला चिमटे लावून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी वाळल्यावर ग्लू. ओल्या फळीला ग्लू लावू नका, वाळताना आकसते. पीळ जिथे जास्त आहे, म्हणजे मागे कण्यापाशी, तिथे फळी दोन्ही हातांनी हळूहळू पिळत गरम इस्त्रीवरून न्या, साधी इस्त्री चालते, फक्त ती घरच्यांना विचारून घ्या आणि नंतर पुसून ठेवा.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या जहाजबांधणीत फळ्यांच्या कडा नुसत्या शेजारी टेकवत नव्हते, एकीत खाच आणि दुसरीत जीभ काढून एकमेकींत बसवत, त्यामुळे पाणी येत नसे आणि युरोपियन प्रवाशांनी याचं कौतुक करून ठेवलंय. १:२४ ला ३ मिमीच्या फळीत हे करायला जाऊ नका. पहिल्या थरात नुसत्या कडा जुळवा आणि आतून एपॉक्सीचा पातळ हात द्या. ज्यांना खुमखुमी आहे त्यांनी वेगळा सहा इंचाचा नमुना मोठ्या मापात करून स्टँडजवळ ठेवावा, बघणाऱ्यांना बोटीपेक्षा तोच जास्त आवडतो.

पहिला थर झाला की ८० ने घासा, खड्डे लाकडाच्या भुश्यात ग्लू कालवून भरा, परत १२० ने. बोटांनी फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारं टेंगूळ बोटाला लागतं. मग सागाचं व्हिनियर. सागात तेल असतं, ग्लू धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी थिनर किंवा अॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि १५-२० मिनिटांत चिकटवा. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून. व्हिनियरच्या पट्ट्या ३-४ सूत रुंद, म्हणजे खऱ्या ९ ते १२ इंचाच्या फळ्या वाटतील. एका पूर्ण लांबीची पट्टी लावू नका, खरी फळी एवढी लांब मिळत नाही, १२ ते १५ इंचावर सांधा द्या आणि सांधे शेजारच्या ओळींत पुढेमागे ठेवा.

डेक, नाळ आणि सुकाणू

हा डेक म्हणजे ह्या बोटीचा चेहरा आहे. गुळगुळीत सागाचा डेक केलात तर ते मोठं, तोफावालं गलबत झालं, आपलं नाही. बांबूच्या कामट्या पाहिजेत. बिनसुगंधी अगरबत्तीच्या काड्या घाऊक मिळतात, त्या बांबूच्याच असतात, त्या उभ्या चिरा आणि चपटी बाजू खाली ठेवून चिकटवा, म्हणजे वरून अर्धगोल दिसतात. दर दीड-दोन इंचाला बारीक सुताने आडवं बांधून घ्या. मधला पट्टा, साधारण अडीच इंच रुंद, उघडा ठेवा, तिथून खाली गोण्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर माल कुठे भरणार?

नाळेवरचा पुढे आलेला भाग उघडा ठेवा, त्याला बाजूच्या भिंती घालू नका. ऑर्मने गुराबांबद्दल कारणासकट लिहिलंय: समोरून लाट आली की बोट जोरात खालीवर होते आणि पुढचा डेक मोकळा असला की आलेलं पाणी अडकून न राहता निघून जातं. गलबताची बांधणी तशीच, म्हणून इथेही तेच. बऱ्याच मॉडेल्समध्ये तिथे सुंदर कठडा आणि वर सिंहाचं तोंड असतं. छान दिसतं, पण नको.

सुकाणूला आडवा दांडा लावा. गोल चाक लावू नका, प्लीज. १६७९ च्या गलबतावर चाक म्हणजे मावळ्याच्या मनगटावर घड्याळ.

काठावर दीड-दीड इंचावर खुंट्या, एका बाजूला २०. बांबूच्या कबाब स्टिकचे तुकडे चालतात. प्रत्येक खुंटीला दोऱ्याचा फास आणि त्यात वल्हं. वल्ही ९ इंचाची, दांडा बांबूच्या काडीचा, पातं सागाच्या व्हिनियरचं, दांड्याला दोऱ्याने बांधलेलं. ४० वल्ही एकसारखी करायची तर पुठ्ठ्याचा साचा करा आणि टीव्ही बघत बघत करा, दुसरा मार्ग नाही. जंबुरे चारच पुरे, पितळी सळीचे, काठावर खुंटीवर फिरते.

डोलकाठी आणि शीड

मोठी डोलकाठी सहाव्या खुणेवर, डेकच्या वर २२ इंच, आणि सरळ उभी नाही, किंचित पुढे झुकलेली. खाली ती कण्यावर टेकली पाहिजे, नुसती डेकमध्ये रोवली तर पहिल्या धक्क्याला डेक फाटतो. काढता-घालता येईल अशी ठेवा. मागची छोटी, १२ इंच, पहिल्या-दुसऱ्या खुणेच्या मध्ये.

परबाण, म्हणजे ज्या तिरप्या लांब काठीला शीड बांधतात ती, ३४ इंच. एका तुकड्याची करू नका. दोन काठ्या मध्ये एक तृतीयांश एकमेकींवर चढवून दोरीने करकचून बांधायच्या, टोकांना बारीक होत गेलेल्या. टोक डोलकाठीच्या बरंच वर गेलं पाहिजे, वर्णनातली खूण तीच आहे.

शिडाला मांजरपाट घेऊ नका, ह्या स्केलला ते गोधडीसारखं दिसतं. मंगळदास मार्केटमधून मऊ मलमल घ्या, कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, मग दर इंचाला उभी शिवण टाका, खऱ्या शिडात कापडाचे पट्टे जोडलेले असतात. मला स्वतःला शीड गुंडाळून परबाणाला बांधलेलं आणि वल्ही बाहेर काढलेली असं आवडतं, रात्री खांदेरीकडे चाललेली बोट शीड फुलवून जाईल असं वाटत नाही, पण घरच्या लोकांना फुललेलं शीड हवं असतं.

दोर सुती घ्या, नायलॉन चमकतो. १ मिमीचा दोरा म्हणजे खरा एक इंची दोर. मेणबत्तीवर घासला की तूस बसतो.

रंग, माल, माणसं

हिंदी महासागरातल्या लाकडी जहाजांच्या तळाला चुना आणि चरबी-तेलाचा लेप देत, किडीपासून वाचायला. म्हणून पाण्याखालचा भाग मळकट पांढरा करा, पांढऱ्या मॅट रंगात चिमूटभर पिवळी माती. वरच्या भागाला नुसतं जवसाचं तेल, पातळ, दोन हात, मध्ये दोन दिवस. चकचकीत वार्निश नको.

गोण्या सव्वा इंचाच्या, जुन्या धोतराच्या कापडाच्या, आत बारीक वाळू. खसखस किंवा रवा भरायची आयडिया लगेच सुचते, पण मग मुंग्या येतात. पाण्याच्या घागरी शाडूच्या करता येतात. माणूस ह्या स्केलला पावणेतीन इंचाचा. दिवाळीत किल्ल्यासाठी मावळे मिळतात त्यातले मापाचे चार-पाच उभे ठेवा, तांडेलाला मागे सुकाणूपाशी. वल्हवणारे बसलेले मिळत नाहीत, ते शाडूचे स्वतः करावे लागतात. सगळे ४० करायची गरज नाही.

पाण्यात

मालवाल्या गलबताचं मॉडेल तरंगलं पाहिजे, नाहीतर आपल्या हिशोबाचा पुरावा काय? आतून एपॉक्सीचे दोन हात दिलेले असले पाहिजेत. वर दिलेल्या मापांनी ५ फूट पाण्यात बसलेलं गलबत साधारण ५५ टन पाणी बाजूला सारतं. १:२४ ला वजन २४ चा घन, म्हणजे १३,८२४ पट कमी होतं, म्हणून मॉडेलचं एकूण वजन ४ किलोच्या आसपास आलं की ते बरोबर रेषेपर्यंत बुडेल. तुमचा सांगाडा फळ्यांसकट दीड-दोन किलो भरेल, बाकीचं वजन शिशाने भरा. मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं कोळीवाड्याजवळच्या दुकानात मिळतात, ती कण्याच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितकी खाली आणि मधल्या फासळ्यांमध्ये ठेवा, पण लगेच चिकटवू नका. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि पोरांना लांब ठेवा.

३८ इंचाची बोट बादलीत मावत नाही. गच्चीवर विटांचा ५ बाय २ फुटाचा चौकोन करून त्यात निळी ताडपत्री टाका, ६ इंच पाणी भरा, काम झालं. सोसायटीच्या टाकीकडे बघूसुद्धा नका, सेक्रेटरी आयुष्यभर ऐकवेल. बोट ठेवा, दहा मिनिटं थांबा. नाळ खाली जात असेल तर शिसं मागे सरकवा, डावीकडे कलत असेल तर उजवीकडे. हाताने एका बाजूला दाबून सोडा, लगेच उभी राहिली तर ठीक, आळसावून उठली तर वजन वर आहे. शीड फुलवून वाऱ्यात सोडायची असेल तर अर्धा किलो शिसं जास्त लागेल, कारण मॉडेल लहान होतं पण वारा लहान होत नाही, एवढंसं झुळूक आलं तरी आडवी पडते. वल्ही काढून ठेवा, नाहीतर मोडतात.

सगळं जमलं की शिसं जिथे आहे तिथे एपॉक्सीने बसवा, बोट तीन-चार दिवस पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही, आणि मगच गोण्या, माणसं, वल्ही चढवा. डोलकाठ्या काढून ठेवता येतात म्हणून प्रदर्शनाला न्यायची झाली तर ४२ बाय १२ इंचाच्या खोक्यात बोट आणि वर्तमानपत्रात गुंडाळून परबाण वेगळं, टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं बसतं. लोकलने न्यायचं असेल तर दुपारी, आणि मालडब्यातून.